दुखणं मुंगीचं, लाज गोळीकाकांची

स्वतःचं औषधांचं दुकान, तेही राहत्या घराच्या खालीच! मग घरातल्या दुखण्याला डॉक्टर कशाला हवा? गल्लीतली मुलं ज्यांना गोळीकाका म्हणत, त्या औषधविक्रेत्यांचं गणित असं सोपं होतं. दर महिन्याला पाळी आली की त्यांची तरुण लेक न्हाणीघराच्या फरशीवर पोट धरून पडायची, ओकाऱ्यांनी बेजार व्हायची, आणि काका खालून वेदनाशामक गोळी आणून द्यायचे. तिने भागेना तेव्हा जरा कडक गोळी आली. तीही पुरेना तेव्हा तिच्याहून कडक. "बायकांचं असतंच गं असं," म्हणून ते पुन्हा दुकानात जाऊन बसत. बाप प्रेमळ होता, यात शंका नाही. आई लहानपणीच गेलेल्या या पोरीला त्यांनी आणि माहेरीच राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या बहिणीने तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. पण औषध हाताशी होतं, म्हणून दुखणं नेमकं काय आहे ते विचारायचंच राहून गेलं.

पोरगी सदानकदा कामात, म्हणून घरात तिचं नाव मुंगी. ती लहान मुलांना पोहायला शिकवायची आणि सकाळचा तो वर्ग म्हणजे तिचा जीव की प्राण. पण दर महिन्याला खाडे! तलावाचे व्यवस्थापक शेवटी म्हणाले, "आणखी एकदा असं झालं तर वर्ग दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल." त्यानंतर थोड्याच दिवसांत ती तलावाच्या काठावरच कोसळली. सोबतच्या शिक्षिकेने तिला तडक एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं.

बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं, तपासण्या केल्या आणि औषध लिहून दिलं. ती चिठ्ठी घेऊन मुंगी दुकानात आली तेव्हा दमलेली होती, पण चेहरा उजळलेला होता.

"बाबा, याला एन्डोमेट्रिओसिस म्हणतात. गर्भाशयाच्या आत असतं तसलं अस्तर बाहेरही वाढतं, सुजतं, म्हणून इतकं दुखतं. मी उगाच बाऊ करत नव्हते!"

काकांनी चिठ्ठी वाचली आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. गर्भनिरोधक गोळ्या! या गोळ्या ते रोज विकत. पण कशा? कुणी न सांगता कागदात गुंडाळून, गिऱ्हाइकाकडे न बघता.

"या तुला नकोत. दुसरं काहीतरी लिहून आण."

"का? याच गोळ्यांनी ते वाढणं आटोक्यात येतं, म्हणाल्या बाई."

"लग्न झालंय का तुझं? कुणी पाहिलं तर काय म्हणतील!"

मुंगीचे डोळे भरून आले. "माझा वर्ग जाईल, बाबा."

आत्या जिना उतरता उतरता थांबली होती. आयुष्यभर शाळेत शिकवून निवृत्त झालेली ही बाई एरवी भावाच्या दुकानात नाक खुपसत नसे. आज मात्र ती सरळ गल्ल्यापाशी आली.

"काय रे, दमेकऱ्याला पंप देताना विचारतोस का, लग्न झालंय का म्हणून?"

"ताई, ते वेगळं. या गोळ्या मूल होऊ नये म्हणून असतात."

"ॲस्पिरिन डोकेदुखीला देतोस आणि हृदयाच्या रोग्यालाही देतोस. मला शिकवतोस?"

आत्याचा आवाज खाली आला.

"मलाही असंच दुखायचं. सासरी मला नाटकी म्हणत. मूल झालं नाही, तर त्याचाही दोष माझ्याच माथी. काय होत होतं ते मला आजही ठाऊक नाही, कारण कुणी मला डॉक्टरकडे नेलंच नाही. तूसुद्धा नाही. ओठ दातांखाली दाबून वर्गात उभी राहिले मी. हिला तसं उभं करणार आहेस?"

काकांच्या काळजात चर्र झालं! डोळे पुसून त्यांनी खण उघडला. हात सवयीने कागदाकडे गेला, पण त्यांनी तो मागे घेतला. पाकीट उघडंच लेकीसमोर ठेवून ते म्हणाले, "रोज ठरल्या वेळी घ्यायची. सुरुवातीला मळमळेल, मधूनच डाग पडतील. पाय सुजला, छातीत दुखलं, डोकं असह्य दुखलं तर लगेच डॉक्टर. आपल्यात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्यात का, ते विचारलं ना बाईंनी?"

"सगळं विचारलंय, बाबा," मुंगी रडता रडता हसली.

जादू काही झाली नाही. पहिल्या महिन्यात फारसा फरक नव्हता. मग हळूहळू कळा बोथट होत गेल्या. आजार मुळापासून गेला नव्हता, पण आवाक्यात आला होता.

एका सकाळी काका दुकान बंद ठेवून, आत्याला घेऊन तलावावर गेले. पाळीचेच दिवस होते, आणि मुंगी कमरेइतक्या पाण्यात उभी राहून एका रडक्या पोराला तरंगायला शिकवत होती. काकांना गहिवरून आलं. त्या डॉक्टरबाईंचे, त्या सोबतिणीचे उपकार कसे फेडावेत!

"ताई, तू त्या दिवशी बोललीस म्हणून हे बघायला मिळालं. तुझे उपकार आहेत. पण तुझं दुखणं मात्र मला कधी दिसलंच नाही."

"हिचं दिसलं ना! माझं भरून पावलं रे," आत्या म्हणाली आणि पदराने डोळे टिपू लागली.

वाचकहो, दुखण्याला लग्नाचा दाखला लागत नाही, मग औषधाला कशाला? कोणती गोळी कुणाला चालेल ते डॉक्टरांनी ठरवावं, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नव्हे. आणि घरातली लेक, बहीण, बायको "दुखतंय" म्हणाली, तर गोळी शोधण्याआधी तिच्यावर विश्वास ठेवा.