पाढे शाबूत आहेत

"एकोणतीस नव्वे दोनशे एकसष्ट, एकोणतीस दाहे दोनशे नव्वद." हेमचंद्रांनी पाढा संपवला आणि खुर्चीच्या हातावर आवळलेली मूठ सैल केली.

दारात उभ्या असलेल्या सुषमाने टाळीच वाजवली. "बघा! कुठं काय झालंय सरांना? डॉक्टर लोक काय, काही पण बोलतात."

"मी तेच म्हणते," मालिनी म्हणाली. "घरात बसून माणूस आणखी खचतो. राहू दे राजसीला आजपासून शिकवणीला."

सुषमाला आनंदनगरच्या कंपनीत सेकंड शिफ्ट गाठायची होती. "सरांचं डोकं नको खाऊस," असं पाचवीतल्या लेकीला बजावून ती जिना उतरली. मालिनी आत कणीक मळायला गेली.

तीन महिन्यांपूर्वी हेमचंद्रांच्या मेंदूत गुठळी झाली, तेव्हा डॉक्टरांनी नवरा-बायकोला समोर बसवून सांगितलं होतं, की पाठांतर मेंदूत एकीकडे असतं आणि 'किती' हे कळणं दुसरीकडे. सरांचे पाढे शाबूत आहेत. बाकीचं सांगता येत नाही. मालिनीने त्यातले पाढे तेवढे उचलले. रोज सकाळी ती ते म्हणवून घ्यायची. तिचा चेहरा उजळायचा, म्हणून हेमचंद्रही म्हणायचे.

राजसीने वही उघडली. "सर, बारातून पाच गेले."

त्यांनी आकड्यांकडे पाहिलं. दोन्ही ओळखीचे होते, नावासकट. पण बारा म्हणजे केवढे, ते कुठे दिसेना. तोंड मात्र तयार होतं.

"साठ," ते म्हणाले.

राजसीने साठ लिहिले.

काहीतरी चुकलं होतं. हेमचंद्रांनी तिच्या पेन्सिलीवर बोट ठेवलं. "का लिहिलंस?"

"तुम्ही बोललात ना."

ते उठले. बाल्कनीतल्या दोरीवर कपड्यांचे चिमटे होते. एकेकाला हात लावून, मोठ्याने मोजत त्यांनी बारा बाजूला सरकवले. मध्येच चुकले, पुन्हा एकपासून सुरू केलं. मग तिला पाच काढायला लावले. उरलेले दोघांनी बोटाने मोजले. सात. एवढ्यानेच त्यांच्या कपाळावर घाम आला.

राजसी हातातल्या चिमट्यांकडे बघत राहिली.

"सर, मला पण पाढे येतात. तीसपर्यंत. ते किती असतात, ते नाय समजत."

"शाळेत सांगितलंस का कुणाला?"

"पाढा बोलून झाला की बाई बोलतात, शाब्बास, बस खाली."

हेमचंद्र कठड्याला टेकले. छत्तीस वर्षं तेही हेच म्हणत आले होते. मोरिवलीच्या शाळेतल्या त्यांच्या वर्गातून अशी किती मुलं खाली बसली असतील, याचा त्यांना आता अंदाजही करता येईना.

"अहो," आतून मालिनीचा आवाज आला, "जमतंय ना?"

राजसीने त्यांच्याकडे पाहिलं.

"नाही गं," ते म्हणाले. "दोघांनाही नाही जमत."

आतला परातीचा आवाज थांबला. मालिनी पिठाच्या हातांनी दारात आली. हेमचंद्रांनी एक चिमटा पुन्हा दोरीला लावला, आणि तिच्याकडे न बघता म्हणाले,

"सुषमाला सांग, उद्यापासून हिला तासभर आधी पाठव."