दगडचाव्या आणि बोथट सुरी

पोरांनो, जरा कल्पना करा. मानेपासून टाचेपर्यंत, आत पाणी न शिरणारा जाड रबरी पोशाख चढवून, पाठीवर हवेची टाकी बांधून तुम्ही होडीच्या काठावर बसला आहात. खाली हिरवंगार पाणी, इतकं गार की दोन मिनिटांत ओठ बधिर होतील. आणि तुम्ही जरा पाय हलवला की बुटात काहीतरी कुरकुरतंय.

रुनाच्या बुटात तसंच होत होतं.

रुना बारा वर्षांची. तिची आत्या तोरुन नॉर्वेच्या त्या किनाऱ्यावर बुडी मारून हातानं शिंपले वेचायची, आणि वसंत आला की समुद्रात हरवलेली जुनी जाळी कापून वर काढायची. आज रुनाची समुद्रातली पहिली बुडी होती. आत्यानं सकाळीच बजावलं होतं, "वीस मिनिटं शांत राहिलीस, तर अख्खा वसंत माझ्याबरोबर. चुळबुळ केलीस, तर होडीत बसून आजोबांचा कॉफीचा थर्मास धरायचा."

पण चुळबुळ हा तर रुनाचा स्वभावच. त्यात काल रात्री जेवताना आजोबांनी दगडचाव्याची गोष्ट सांगितली. हा मासा माणसाच्या हाताएवढा लांब, करडा, सुरकुतलेल्या तोंडाचा. खेकडे आणि शिंपले कवचासकट चावून खातो.

"पाय धरला ना," आजोबा म्हणाले होते, "तर हाड मोडल्याचा कडकड आवाज ऐकल्याशिवाय सोडत नाही."

म्हणून रुनानं सकाळी लोकरीच्या मोज्यांत कडक पाव भरला होता, आपल्या खाकऱ्यासारखा पातळ असतो तो. आणि आजोबांची मासे साफ करायची लांब, टोकदार सुरी पट्ट्यानं पोटरीला बांधली होती.

"हे काय कुरकुरतंय?" आत्यानं विचारलं.

रुना हळूच म्हणाली, "पाव. त्यानं चावलं तर पाव मोडेल, आणि त्याला वाटेल हाड मोडलं."

आत्या हसून हसून होडीत आडवी झाली. "अगं वेडे, ती गोष्ट बिज्जूची, त्या बिळात राहणाऱ्या प्राण्याची! जंगलात बिज्जू चावू नये म्हणून जुनी माणसं बुटात अंड्याची टरफलं भरायची. बाबा, तुम्ही पोरीला काय सांगितलंत?"

"मासा काय, बिज्जू काय," आजोबा सुकाणू धरून म्हणाले, "दात दोघांनाही आहेत."

"आणि ही तलवार कशाला?"

"तो अंगावर आला तर?"

"बावीस वर्षं मी पाण्यात उतरतेय. सुरीनं आजवर एकालाच जखमी केलंय. माझ्याच हातमोज्याला." आत्यानं स्वतःच्या छातीवरची सुरी काढून दाखवली. बोटभर लांब, टोक बोथट, पात्याला आतून धार असलेला एक आकडा. तशीच दुसरी तिनं रुनाच्या छातीवरच्या पट्ट्याला अडकवली. "ही दोरा कापायला. कुणाशी भांडायला नाही. आजोबांची सुरी न्यायचीच असेल तर पोटरीच्या आतल्या बाजूला सरकव. बाहेर राहिली तर कशातही अडकेल."

रुनानं सरकवली. दोघी पाण्यात उतरल्या.

आठ मीटरवर समुद्रातल्या झाडांचं रान होतं. माणसाएवढे तपकिरी पट्टे एका लयीत झुलत होते. रुना मात्र लयीत नव्हती. पावाचा चुरा बोटांत टोचत होता. प्रत्येक खडकाच्या कपारीत तिला दात दिसत होते. सुरी आतल्या बाजूला, पटकन हाताला येणार नाही, हे तिच्या मनातून जाईना. आत्या पुढे वळताच तिनं सुरी पुन्हा बाहेर सरकवली.

आणि तेवढ्यात कपारीत तो दिसलाच. करडं सुरकुतलेलं तोंड, आजोबांसारखे वेडेवाकडे दात.

रुनानं जोरात मागे पाय मारला. पोटरीला झटका बसला. तिनं सुरीची मूठ खेचली, मूठ हलेना. वाकून पाहिलं, तर नायलॉनच्या जुन्या जाळ्याचे दोरे मुठीभोवती गुंडाळले होते. तिनं पाय ओढला, तसे आणखी दोन वेढे पडले. कानात आता फक्त स्वतःच्या श्वासाचा आवाज होता, भराभर, भराभर. समोर दात, मागे जाळं.

तेवढ्यात आत्या समोर आली. तिनं पंजा उभा धरला: थांब. मग रुनाचा खांदा घट्ट धरला, काचेतून डोळ्यांत पाहिलं आणि बोटानं दाखवलं. पोटरीकडे नव्हे, छातीकडे.

रुनानं एक लांब श्वास सोडला. बुडबुडे वर गेले. मग दुसरा. हाताला छोटी सुरी लागली. दोऱ्यात आकडा घालून ओढला, दोरा तुटला. दुसरा तुटला. तिसराही तुटला. पाय मोकळा झाला.

आत्यानं अंगठा वर केला: चल, वर.

रुना हिरमुसली. म्हणजे संपलं. उद्यापासून थर्मास. जाता जाता तिनं एकदाच कपारीकडे पाहिलं.

दगडचाव्या अजून तिथंच होता. इतका वेळ तो जागचा हललाच नव्हता. त्याच्या कल्ल्यांमागे तेच जाळं रुतलं होतं, आणि तोंड उघडत होतं, मिटत होतं. तो अंगावर येणार नव्हता. त्याला येताच आलं नसतं.

रुनाला सरळ पुढे झेप घ्यावीशी वाटली. हात शिवशिवले. पण तिनं ते छातीशी धरून ठेवले आणि आत्याचा दंड हलकेच दाबला. आधी माशाकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छोट्या सुरीकडे. आणि वाट पाहत राहिली.

आत्यानं हवेच्या काट्यावर नजर टाकली. माशाकडे पाहिलं, रुनाच्या हातांकडे पाहिलं. ते हलत नव्हते. मग तिनं अंगठा आणि तर्जनी जोडून गोल केला: ठीक आहे.

रुनानं पोटरीचा पट्टा सोडला, आजोबांची लांब सुरी आत्याच्या हातात दिली, आणि दातांपासून अंतर राखून, शेपटीच्या बाजूनं, पहिल्या दोऱ्यात आकडा घातला.