सातव्या टप्प्यावरचा कोन

नाहिद शेखने एका सिद्धतेवर नऊ वर्षं घातली होती. सपाट त्रिकोण जोडून वक्र पृष्ठभागाची नक्कल तयार केली आणि ते त्रिकोण बारीक करत नेले, की तिची वक्रता मूळ पृष्ठभागाच्या वक्रतेला जाऊन भिडते, एवढंच तिला सिद्ध करायचं होतं. पांढरकवड्याच्या कॉलेजात दिवसाला चार तास घेऊन उरलेल्या वेळात तिने ते केलं. परदेशी नियतकालिकाने लेख स्वीकारला. त्याच्याच जोरावर सोमवारी विद्यापीठात प्राध्यापकपदाची मुलाखत होती.

गुरुवारी दुपारी तिची विद्यार्थिनी सुरभी राठोड लॅपटॉप घेऊन आली. महागावजवळच्या तांड्यातली ही पोर त्याच सिद्धतेच्या आधारावर पीएच.डी. करत होती.

"मॅडम, त्रिकोण कितीही बारीक केले तरी त्यांचा कोणताच कोन वीस अंशांखाली जात नाही, असं तुम्ही धरलं ना? मले सातव्या टप्प्यावर चार अंशांचा सापडून राह्यला."

"प्रोग्रॅम चुकला असेल."

"तीनदा तपासला."

"मग चौथ्यांदा तपास!" नाहिद एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या वर्गातलं शिकवणं थांबलं.

सुरभी गेल्यावर तिने हातानेच आकडेमोड केली. चार अंश. शुक्रवार, शनिवार ती सिद्धतेतलं भोक बुजवत राहिली. वीस अंशांची अट घातली की प्रमेयात दम उरेना, काढली की सिद्धता कोसळे. रविवारी रात्री तिने घरी सांगितलं.

तिचा नवरा आसिम हायवेवर ट्रकचे स्पेअर पार्ट विकायचा. तो म्हणाला, "उद्याचा दिवस निघू दे, मंग कळव. कोण पाह्यते इतलं?"

"सुरभीनं पाहिलं."

"तिचंही त नुकसान हाये. ती कायले बोलन?"

हेच नाहिदला सहन होईना. आपलीही चार वर्षं बुडणार हे ठाऊक असून पोरगी सांगायला आली होती. नाहिदने तिथेच बसून संपादकांना लिहिलं, लेख मागे घेते.

मुलाखतीत पहिलाच प्रश्न त्या लेखाचा आला. तिने खरं ते सांगितलं.

"मग दाखवायला काय आहे तुमच्याकडे?"

"काही नाही."

दुसऱ्याची निवड झाल्याचं तिला परतीच्या बसमध्ये फोनवर कळलं.

मंगळवारी तिने सुरभीला बोलावून माफी मागितली.  सुरभी म्हणाली, "मॅडम, घरी काय सांगू मी?"

 नाहिदने खुर्ची पुढे सरकवली. सुरभी बसली नाही.