स्वतःच्या पायांनी

ज्या खोलीत मी दिवसभरात एकदाही स्वतःच्या पायांनी जात नाही, ती दुसऱ्या दिवशी सकाळी घरात नसते.

सगळ्यात आधी गॅलरी गेली. सोलापूरचं ऊन चढायला लागलं होतं आणि माझा डावा पाय गुडघ्याखाली ओल्या पोत्यासारखा जड झाला होता. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जातंतूंच्या आजारात उष्णता सोसत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. मी शाळेत पी.टी. शिकवायचे. भर दुपारी मुलींना मैदानावर पळवायचे आणि स्वतःही पळायचे. आता पंखा बंद पडला की उभं राहता येत नव्हतं. त्या दिवशी मी गॅलरीत गेलेच नाही, दिवाणावर पडून राहिले. कपडे मकरंदने, माझ्या नवऱ्याने, वाळत घातले.

सकाळी गॅलरीच्या दाराच्या जागी भिंत होती. नवी नव्हती. तिच्यावर ओल आलेली होती आणि एक खिळाही होता, गंजलेला.

"कपडे कुठे वाळत घातलेस काल?"

"गच्चीवर. नेहमीसारखे."

"आणि गॅलरी?"

मकरंदने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "हर्षदा, आपल्याला गॅलरी कुठे आहे?"

मग बिराजदार काकू गेल्या. त्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. रोज संध्याकाळी मी भिंतीला धरून त्यांच्याकडे जायचे आणि चहा पिऊन यायचे. एका संध्याकाळी त्यांनीच निरोप पाठवला, आज येऊ नकोस, फार उकडतंय, आणि डबाभर धपाटे पाठवले. दुसऱ्या दिवशी जिन्यापलीकडे सरळ भिंत होती. मोबाइलमध्ये काकूंचा नंबर नव्हता. त्यांच्या पुण्याच्या मुलाचाही नव्हता. म्हणजे माणूस कुठेही असो, ज्या घराचं ते, त्या घराबरोबर जातं. डबा मात्र आमच्या ओट्यावरच होता.

"हा कुणाचा गं?" मकरंदने धपाटा खाता खाता विचारलं.

मी होनराव मॅडमना सांगितलं. त्या फिजिओथेरपीसाठी घरी यायच्या. माझी टाच हातात धरून पाऊल वर ढकलत होत्या. त्यांना नवल वाटलं नाही.

"होतं असं बऱ्याच जणांचं," त्या म्हणाल्या. "रोज सगळीकडे एकदा जाऊन यायचं. कुणाचा आधार घेतला तर चालतं. उचलून नेलेलं धरत नाहीत."

"कोण धरत नाही?"

"गुडघा सरळ ठेवा. आणि दमेपर्यंत चालायचं नाही. थोडं चालायचं, बसायचं, पुन्हा थोडं. अंगातलं सगळं एकदम संपवलंत तर दुसऱ्या दिवशी उठवणार नाही, आणि मग काय काय जाईल याचा विचार करा."

उचलून नेलेलं धरत नाहीत, हे मी मकरंदला सांगितलं. त्याला ते पटलं नाही. एरवी मी कठडा धरून गच्चीवर चढायचे; एका संध्याकाळी वारा सुटला म्हणून त्याने मला लाडाने उचललं आणि गच्चीवर नेऊन खुर्चीत बसवलं. आम्ही बराच वेळ बसलो. त्याने माझे पाय मांडीवर घेऊन दाबले. सकाळी जिना आमच्या मजल्यावरच संपला होता आणि मकरंद ओले कपडे हॉलमधल्या खुर्च्यांवर पसरत होता, वर्षानुवर्षं तेच करत आल्यासारखा.

तेव्हापासून मी ऊन चढण्याआधी उठू लागले. मानेवर ओला पंचा टाकायचा. आधी मुख्य दार. मग स्वयंपाकघर; तिथे ओट्याला धरून टाचा उचलायच्या. मग स्टुलावर बसायचं. मग बाथरूम, मग आमची बेडरूम. तिथे मकरंद झोपलेला असायचा. मी पलंगाच्या कडेला टेकून त्याच्या पाठीवर हात ठेवायचे. पुन्हा बसायचं. आणि शेवटी बोळाच्या टोकाला मृण्मयीची खोली.

मृण्मयी आमची मुलगी. अकरावीत. तिला मी सगळं सांगितलं होतं. तिचा विश्वास बसला नव्हता, पण तिने वादही घातला नाही.

"आई, तू रोज येऊन बघतेस तरी काय?"

"तुला."

"मी कुठे जाणारे?"

मी तिच्या कपाटाला, टेबलाला, खिडकीच्या गजांना हात लावायचे. मग मला बरं वाटायचं. पण बोळातून परतताना भीती पुन्हा मानेवर येऊन बसायची. पंच्यातलं पाणी तोवर कोमट झालेलं असायचं.

मेच्या मध्यावर मला ताप आला आणि सकाळीच वीज गेली. मी हॉलमध्ये दिवाणावर होते. मकरंद पहाटेच बार्शीला कामाला निघून गेला होता. जाताना त्याने माझ्या उशाशी पाण्याची बाटली ठेवली होती आणि म्हणाला होता, "आज कुठे जाऊ नकोस. मी आल्यावर बघू."

"तू आल्यावर नाही चालणार," मी म्हणाले होते.

"आंबे आणतो," तो म्हणाला होता.

दुपारपर्यंत पाय माझे राहिले नाहीत. कमरेखाली कुणीतरी घट्ट पट्टा आवळला होता. डोळ्यांपुढे सगळं दुधात पडल्यासारखं दिसत होतं. मी पाय खाली सोडले आणि जमिनीवर बसले. स्वयंपाकघर, बाथरूम आणि ज्यात मी रात्रीपासून नुसती पडून होते तो हॉल आज जाणार, हे मी कबूल करून टाकलं. त्यांत कुणी राहत नाही. उरले दोन दरवाजे. बेडरूम मकरंदची. टोकाची खोली मृण्मयीची. अंगात एकाच दारापुरतं बळ होतं. बेडरूम जवळ होती.

मी मृण्मयीला हाक मारली.

ती धावत आली. "आई! पडलीस?"

"नाही. तुझ्या खोलीत चल. मला उचलू नकोस. फक्त धर."

"अगं, अंग किती तापलंय तुझं! झोप ना इथेच. मी मीठपाण्याच्या पट्ट्या ठेवते."

"मृण्मयी, धर."

तिने माझ्या काखेत खांदा घातला. बोळ नेहमीएवढाच होता, पण फरशी भाकरीच्या पिठासारखी मऊ झाली होती आणि पाऊल रुतत होतं. डावा पाय फरपटत होता. मी मांडीला हाताने धरून तो पुढे टाकायचे, मग थांबायचे. मृण्मयी मुकाट्याने थांबायची. तिच्या मानेवरचा घाम माझ्या गालाला लागत होता. बेडरूमच्या दारापाशी आलो तेव्हा मी आत पाहिलं. मकरंदचा शर्ट पलंगावर पडला होता. एक पाऊल आत टाकायचं होतं. ते टाकलं असतं तर तिथेच कोसळले असते.

"आत बसायचंय का जरा?" मृण्मयीने विचारलं.

"नाही. आधी तुझी खोली. तिथे बसेन, दम खाईन, मग परत येऊ इथे. दिवस मावळायच्या आत."

"बरं."

आम्ही पोचलो. उंबरठा मी माझ्या पायाने ओलांडला. मृण्मयीने मला तिथे उचलायचा प्रयत्न केला तेव्हा मी तिच्या अंगावर ओरडले. खोलीत सगळं होतं. मी कपाटाला हात लावला. टेबलाला लावला. मग तिच्या पलंगावर पडले आणि रडले. मृण्मयीने माझ्या कपाळावर पट्टी ठेवली.

"मला जास्त झोपू देऊ नकोस," मी म्हणाले. "थोड्या वेळाने उठव. बाबांच्या खोलीत जायचंय."

"उठवते. पड तू."

जाग आली तेव्हा ताप उतरला होता. सकाळ होती. जिथून आम्ही आत आलो होतो तिथे भिंत होती आणि भिंतीवर जगाचा नकाशा लावलेला होता. त्याच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या. कोपऱ्यात एक शेगडी होती, शेजारी पाण्याची बादली. मृण्मयी शेगडीवर चहा ठेवत होती. तिला आलं कुठे आहे, साखर कुठे आहे, सगळं माहीत होतं.

"तू मला उठवलं का नाहीस?"

"उठवलं. तू उठली नाहीस."

"आणि बाबा?"

तिने गाळणं कपावर धरलं. "कुणाचे बाबा?"

तिने थट्टा केली नव्हती. माझ्या तोंडून निघालेला आवाज ऐकून ती वळली आणि माझ्याकडे बघत राहिली, ताप पुन्हा चढलाय की काय अशी. मी मोबाइल शोधला. त्यात मृण्मयीचा नंबर होता आणि होनराव मॅडमचा. मी मॅडमना फोन लावला.

"काल कुठे कुठे गेलात?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"आज काय आहे तुमच्याकडे?"

"एक खोली."

"मग तीच करा. बसून बसून करा."

मी फोन ठेवला. मकरंदचं नाव मी मोठ्याने घेतलं. पुन्हा घेतलं. मृण्मयीने कप माझ्या हातात दिला आणि तो माझ्या हातातून सुटू नये म्हणून खालून धरून ठेवला.

तेवढ्यात खिडकीबाहेर दोर करकरला. वरून एक फळी खाली येत होती. आधी रंगाने माखलेली पावलं दिसली, मग हाफ पँट, मग डोक्याला रुमाल बांधलेला रंगारी. फळी खिडकीसमोर थांबली. त्याने आमच्याकडे पाहिलं नाही. डब्यात ब्रश बुडवला आणि काचेच्या वरच्या कोपऱ्यावर, भिंतीला लावावा तसा, पहिला हात मारला. खोलीचा तेवढा कोपरा काळोखला. काल मी खिडकीच्या गजांना हात लावला नव्हता.

"आई," मृण्मयी म्हणाली. या वेळी तीही ते बघत होती. तिने कप खाली ठेवला आणि माझ्या काखेत खांदा घातला. "खिडकीपर्यंत. ऊठ."

मी उजवं पाऊल टाकलं. रंगाऱ्याने ब्रश निथळवला आणि पुन्हा डब्यात बुडवला.