गुरुवारची साडी आणि खिळ्यावरचं हेल्मेट

"अक्के, जीप दारात हाय, बिल्डर तिकडं रजिस्टर ऑफिसात ताटकळलाय, आन् तू अजून इथंच? सही करायची हाय, लढाईला न्हाई जायाचं!"

"मला म्हाईत हाय कुठं जायचंय, जया."

"मग चल की! का ही पोरगी तुला नाचवणार?"

"मामा, माझं नाव काढू नका. आणि ती जीप आधी वाटेतून काढा, माझी स्कूटी अडकलीये."

मित्रांनो, हे भांडण आत्ता चालू आहे आणि मी दाराशेजारच्या खिळ्यावर लटकून ऐकतोय. मी एक जुनं हेल्मेट आहे. रंग एकेकाळी काळा होता, आता कुठला म्हणायचा ते मलाही ठरवता येत नाही. मला राग लवकर येतो. माणसाचं डोकं तापतं, पण मी तर अख्खं डोकंच! मला हात नाहीत, आणि या घरात माझं बोलणं कुणाला ऐकू जात नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. भराभर सांगतो, मधे थांबवू नका.

एका कारखान्यात मी जन्मलो. साच्यातून निघालो, आत जाड थर्माकोल बसला, पट्टा लागला, आणि मग एका लोखंडी गोळ्यानं माझ्या भावंडांपैकी एकाचं टाळकं फोडून बघितलं. का, तर आम्ही टिकतो का ते कळावं म्हणून. मग दुकान. तिथं गिऱ्हाइकं दोन जातीची यायची. एक यायचं, चकचकीत बघायचं, आरशात बघायचं आणि घेऊन जायचं. दुसरं यायचं, उलटं करायचं, आत बघायचं, बोटानं वाजवायचं, बक्कल ओढून बघायचं. रामदास दुसऱ्या जातीचे. माझं बक्कल त्यांनी इतकं ओढलं की दुकानदार म्हणाला, "साहेब, हेल्मेट घेताय का बैल?"

रामदास खडकीला दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होते. पुण्यात बाकी लोक हेल्मेट कोपरात अडकवून गाडी चालवतात, कोपर फार नाजूक असावं त्यांचं. पण रामदास क्वार्टरमधून निघाले की आधी मी, मग पट्टा, मग गाडी. एकदा पुलाखाली गाडी घसरली. खरचटलं मला, त्यांना नाही. घरी जाऊन त्यांनी मला ओल्या फडक्यानं पुसलं आणि म्हणाले, "शाब्बास रे." माझ्या आयुष्यात माझं कौतुक झालं ते तेवढंच. अजून पुरतंय.

पुढं त्यांना आजारानं नेलं. ते दुखणं आतून आलं होतं, तिथं माझं काय चालणार?

क्वार्टर सोडावं लागलं. त्यांच्या बायकोला, शकूबाईंना, पोर घेऊन कुठं जावं कळेना. तेव्हा हाच जयसिंग, शकूबाईंचा धाकटा भाऊ, स्वतः टेम्पो घेऊन खडकीला आला. "अक्के, म्हायेर हाय की तुला," म्हणाला. ते मी कानानं ऐकलंय. म्हणून आज त्याच्यावर चिडायचं म्हटलं तरी पूर्ण चिडता येत नाही, याचाच जास्त राग येतो.

माहेर म्हणजे हडपसरच्या पुढं, वडिलांच्या जमिनीवर. गाव कधीच पुण्यात गेलं, पण लोक अजून गावच म्हणतात. तिथं शकूबाईंना रस्त्याकडेच्या दोन खोल्या मिळाल्या. पुढच्या मोकळ्या जागेत त्यांनी रोपं लावली. मोगरा, कढीपत्ता, झेंडू, सोनचाफा. बघता बघता नर्सरी झाली. मी मात्र या खिळ्यावर आलो. माझ्यात बियांच्या पुड्या ठेवल्या, कधी लसूण. एकदा मांजरीनं दोन पिल्लं ठेवली, ते दिवस बरे होते. माझं बक्कल तुटलं, कुणाला कळलंही नाही. मग मुलगी पूर्णिमा मोठी झाली, स्कूटीवरून रोपं पोचवायला लागली, आणि तिनं मला खाली काढलं. बक्कलाच्या जागी पायजम्याची नाडी बांधली. नाडी, मित्रांनो!

आता मुद्द्याचं. या जमिनीवर बिल्डर आलाय. आमच्याकडं एक रीत आहे. बाप गेला की बहिणींनी आपला हक्क सोडायचा. भाऊ साडी नेसवतो, बहीण कागदावर सही करते, गोडाचं जेवण होतं, सगळे म्हणतात बहीण मनाची मोठी. जी सही करत नाही तिला माहेर बंद. शकूबाईंनी सही केली तर या दोन खोल्या जाणार, नर्सरी जाणार, आणि पायाखाली स्वतःचं म्हणावं असं काहीच उरणार नाही. जयसिंग म्हणाला, "वरच्या मजल्यावर तुला फ्लॅट देतो की." कुठं लिहिलंय? कुठंच नाही. गुरुवार ठरला.

पूर्णिमा आडवी आली. "आई, आधी वकील बघू."

"वकील हाय की!" जयसिंग लगेच. "आपला रणजित. भावकीतला. फीसुद्धा न्हाई घेणार."

इथंच अख्खं गाव चुकतं. आपला माणूस म्हटलं की कुणी आत उलटून बघत नाही.

गेलो तिघं हडपसरला, मायलेकी आणि मी. रणजित वकील वाकून पाया पडला, चहा मागवला. "आत्या, तुम्ही काळजीच सोडा, मी हाय ना!" एक प्रश्न विचारला नाही. जमीन कुणाची, कशी आली, वारस किती, काही नाही. नुसतं "मी हाय ना." शकूबाईंच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी जरा सुख दिसलं. मला टेबलाखाली ठेवलं होतं, एका कापडाच्या दुकानाच्या पिशवीशेजारी. आत हिरवी साडी, जरीच्या काठाची, वर नारळ. निघताना पूर्णिमा मला उचलायला वाकली आणि तिला ती दिसली.

"दादा, वहिनींना साडी घेतली वाटतं?"

"छे गं, तुझ्या मामानंच आणून ठेवलीये. गुरुवारी सही झाली की आत्यांना नेसवायची, म्हणून."

तो हसतच म्हणाला. त्याला यात काही वावगं वाटलंच नाही! बहिणीचा वकील, आणि भावानं दिलेली साडी त्याच्याच टेबलाखाली. शकूबाईंचा चहा अर्धा राहिला. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "रंग मात्र मला आवडतो तोच घेतलाय गं जयानं." आणि रस्त्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, नाडी तोडून त्या वकिलाच्या टाळक्यावर जाऊन पडावं.

दुसरा वकील डेक्कनला. मोठं ऑफिस. दारावर पाटी, "हेल्मेट बाहेर ठेवावे. हरवल्यास आम्ही जबाबदार नाही. सापडल्यासही नाही." मी बाहेर. काय झालं ते मला पूर्णिमाच्या बडबडीतूनच कळलं. "कागद न बघता शंभर टक्के जिंकून देतो म्हणाला, आई! अशा किती केस चालवल्या विचारलं, तर भिंतीवरचे पुढाऱ्यांबरोबरचे फोटो दाखवले. आणि केस कोण चालवणार, तर म्हणे ज्युनियर बघतील."

"चकचकीत होतं पण," शकूबाई म्हणाल्या.

"फुटपाथवरची हेल्मेटंपण चकचकीत असतात."

शाब्बास पोरी. रामदासांची लेक खरी.

मग तिनं डोकं चालवलं. वकिलांना विचारायचंच बंद केलं. आईला घेऊन शिवाजीनगरच्या कोर्टात गेली आणि बाकड्यावर बसलेल्या बायकांना विचारत सुटली. तुमचा वकील कोण, फोन उचलतो का, तारखेला स्वतः येतो का. काही हसल्या, काहींनी तोंड फिरवलं. मथुराबाई नावाच्या एका म्हातारीनं मात्र जागा करून दिली.

"माझी वकील बाई हाय. आम्रपाली ओव्हाळ. लई रागावती बघ. मला म्हणती, मथुराबाई, खोटं बोलायचं तर दुसरा वकील बघा. पण भावाबहिणीच्या वाटण्यांत तिचे केस पिकलेत. आन् तारखेला सोता उभी ऱ्हाती."

"मग तुम्ही केस जिंकलात?"

"अजून चालूय. पण घरात मीच राहतीये, न्हवं?"

पूर्णिमा लगेच नाही गेली वकीलबाईंकडं. आधी कोर्टाच्या खोलीत मागं बसून त्यांना बघितलं. मी मांडीवर. बाई हळू बोलत होत्या. न्यायाधीशांनी विचारलं की पान न चाळता उत्तर. समोरचा वकील ओरडला, तर ओरडणं संपेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "झालं असेल तर मी बोलू?"

बाहेर आल्यावर मायलेकी पुढं झाल्या. बाईंनी उभ्याउभ्याच प्रश्नांची सरबत्ती लावली. जमीन वडिलांना कुठून आली? बहिणी किती? आजवर कशावर सही केली? कोऱ्या कागदावर? नक्की नाही ना? मग एकदम थांबून विचारलं, "शकूबाई, तुम्हाला काय हवंय?"

शकूबाई म्हणाल्या, "घरबी पायजे, भाऊबी पायजे."

"घरासाठी मी भांडेन. वाटपाचा दावा लावू, निकाल लागेपर्यंत जमीन विकायला मनाई मागू. मिळेलच असं लिहून देणार नाही. आणि भाऊ कोर्टात मिळत नाही. ते तुमचं तुम्हाला बघावं लागेल."

"तो फ्लॅट देतो म्हणलाय."

"तोंडी फ्लॅटला किल्ली नसते."

पूर्णिमानं धीर करून विचारलं, "मॅडम, तुम्ही अशी केस कधी हरलाय?"

मला वाटलं आता संपलं. पण बाईंनी पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघितलं. "हरलेय. ती बाई माझ्याकडं आली तेव्हा सही करून झाली होती. साडी नेसूनच आली होती. सही फसवून घेतली हे मला सिद्ध करता आलं नाही. अजून झोंबतं."

मग त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं. मला उचललं. उलटं केलं, आत बघितलं, बोटानं वाजवलं. रामदासांनंतर पहिल्यांदा, मित्रांनो! "हेल्मेट चांगलं आहे. आणि ही नाडी? पडलीस तर हे एकीकडं आणि तू एकीकडं. आधी बक्कल बसव, मग माझ्याकडं ये. गुरुवारी सकाळी, कोर्ट उघडायच्या आत. आणि तोवर कुणी देव आणून समोर ठेवला तरी सही नाही."

बक्कल बसलं. पूर्णिमा आईसाठी नवीन हेल्मेट आणायला निघाली, तर शकूबाई म्हणाल्या, "नवीन तू घाल. मला यांचंच राहू दे."

आणि आज गुरुवार. जीप फाटकात आडवी. जयसिंगच्या काखेत ती पिशवी.

"अक्के, खडकीवरनं टेम्पोतनं मी आणली तुला. इसरलीस?"

"न्हाई इसरले. मरेपर्यंत न्हाई इसरणार."

"मग सही करायला काय होतंय तुला?"

शकूबाई खिळ्यापाशी आल्यात. त्यांनी मला खाली काढलंय. मी त्यांच्या डोक्यावर आलोय. मोगऱ्याच्या मातीचा वास आहे केसांना.

"जया, मी वकिलाकडं चाललीये. वाटपाचा दावा लावणार हाय. तुझ्या पाठीमागनं न्हाई, तोंडावर सांगून चाललीये."

"दावा? भावावर?" जयसिंगचा आवाज फाटला. "मग ह्या साडीचं काय करू? जाळू?"

"ठेव जपून. भाऊबीजेला घेऊन ये. मी ओवाळीन."

"न्हाई आलो तर?"

"तर वाट बघीन. पण वाट बघायला दार तर पायजे ना रे मला?"

टक्. बक्कल लागलं. मित्रांनो, माझं एवढंच ऐका. हेल्मेट असो की वकील, उलटं करून आत बघा, वाजवून बघा, आपलं म्हणून किंवा चमकतंय म्हणून घेऊ नका. आणि पडायच्या आधी घ्या. पडल्यावर मी नुसतं टरफल असतो. माझी काळजी घ्या, नाड्या बांधू नका, आणि...

थांबा. जयसिंग जीपकडं चाललाय. पिशवी त्यानं पुढच्या सीटवर ठेवली, फेकली नाही. चावी फिरवली. आता गाडी तशीच आडवी ठेवतो का अंगावर आणतो, काय भरवसा? शकूबाईंच्या श्वासानं माझी काच धुरकटलीये.

जीप मागं चाललीये. हळूहळू. फाटक मोकळं झालं. त्यानं मान खाली घातलीये, इकडं बघत नाहीये, पण वाट दिलीये.

पूर्णिमानं स्टार्टर मारला. कोर्ट उघडायला आलं. मला आता निघालंच पाहिजे.