नांदूरघाटच्या खुंटीवरचा मफलर

मित्रांनो, मी एक जुना, हिरव्या लोकरीचा मफलर आहे. राहतो नांदूरघाटला, उत्तरेश्वर आबांच्या घरी खुंटीवर; पण माझा जन्म सीमेपलीकडच्या एका खेड्यातला. फौजेत निघालेल्या लेकासाठी तिथल्या एका आईनं मला विणलं. टोकाला उर्दूत त्याचं आणि गावाचं नाव भरलं. तिची बोटं मला अजून आठवतात.

एकाहत्तरच्या लढाईनंतर फौजेतून परतताना आबांनी मला इकडं आणलं. त्याच लढाईत त्यांचा थोरला भाऊ भारत मारला गेला होता. दर सव्वीस जानेवारीला आबा मला शाळेत नेत आणि दुश्मनाशी झुंजून आणलाय म्हणून सांगत. मुलं टाळ्या वाजवत. मग वर्षभर माझ्यावर धूळ.

यंदा थंडी कडाक्याची पडली. नातसून मनिषाला बाळाच्या छातीची भारी धास्ती. घटकेघटकेला हात लावून बघायची. एका सकाळी तिनं मला कोमट पाण्यात धुतलं, उन्हात वाळवलं आणि आपल्या तान्ह्या लेकीला, संस्कृतीला गुंडाळलं. दुश्मनाचं कापड लेकराला कशाला, म्हणून आबांच्या बायको कौशल्याबाई आजी कुरकुरल्या.

आबा मात्र बाळाकडं बघतच राहिले.

"झुंजून न्हाई आणला, पोरी," ते म्हणाले. "कैद्यांच्या छावणीवर पहाऱ्याला होतो. दादा गेल्याची चिठ्ठी आलती. एका कैद्याच्या गळ्यातून हिसकला. पोरगं गारठलं होतं, तरी हिसकला."

"अन् पन्नास वर्सं आमाला लढाया सांगितल्या व्हय?" आजी म्हणाल्या.

"ज्याचा हाय त्याला धाडायचा आता," आबा म्हणाले.

मनिषानं एका मास्तरांकडून उर्दू नाव वाचून घेतलं. पार्सल शिवलं. आबा तिच्याबरोबर टपालात गेले. तिथल्या बाबूनं पत्ता बघितला आणि ते परत सरकवलं. दोन्ही देशांचं पुन्हा बिनसलंय, जुन्या लढायांची उणीदुणी निघालीत, तिकडचं टपाल बंद हाय म्हणाला.

आबा पायरीवरच बसले. "जित्ता असंल का गं तो?" त्यांनी विचारलं. मनिषानं पार्सल काखेत घेतलं आणि हात देऊन त्यांना उठवलं.

आता मी पार्सलातच असतो. कसर लागू नये म्हणून मनिषानं कडुनिंबाचा पाला घातलाय. दर महिन्याला ती टपालात विचारून येते. आबा दारात तिची वाट बघतात. मीही बघतो. ती आई आता नसेल, पण तिचं अंगण तर असेल.

मित्रांनो, तुमच्या घरी लढाईतून आलेली एखादी वस्तू असेल, तर तिला जपा. आणि ती कुणाच्या अंगावरून आली, हे विचारून घ्या. सांगणारं माणूस घरात आहे तोवर.