भैयाजीनं पत्ते पाहिले

रोहण्याची शकुबाई बैलांना पाणी पाजायला गेली, तेवढ्यात भैयाजीनं डाव साधला. आर्वीच्या कापूस खरेदी केंद्रासमोर बैलबंड्यांची रांग पार सडकेला टेकली होती. शकुबाई परत येऊन पाहते तो तिची बंडी मागं ढकललेली, आणि तिच्या जागी, निंबाच्या सावलीत, भैयाजीची बंडी थाटात उभी. भैयाजी आपल्या बैलाच्या पाठीवर हात फिरवत होता, जसा काही त्या निंबाखालीच जन्मला होता.

"भैयाजी, हे जागा माही हाय."

"नाव लिवलं हाय काय तुहं?" भैयाजी म्हणाला, आणि आजूबाजूची चार माणसं फिदीफिदी हसली. बाईमाणूस एकटी बंडी घेऊन आली याचंच त्यांना सकाळपासून हसू येत होतं.

एवढ्यात केंद्राचा माणूस येऊन सांगून गेला. आत कापूस ठेवायला जागा उरली नाही, आज निंबापर्यंतच्याच बंड्या घेऊ, मग आठवडाभर काटा बंद. निंबाखाली भैयाजीची बंडी शेवटची होती. शकुबाईची त्याच्या मागं, उन्हात.

आठवडाभर बंद म्हणजे भरली बंडी परत रोहण्याला न्यायची, आणि परत न्यायची म्हणजे लक्ष्मणरावापुढं मान खाली घालायची. लक्ष्मणराव तिचा दीर. तिचा नवरा नत्थूजी गेला तेव्हापासून लक्ष्मणरावाचा एकच हेका होता, शेती माझ्या हाती द्या. काल आपली बैलजोडी तिला उसनी देताना त्यानं चार माणसांदेखत सांगितलं होतं, "न्या वयनी. पण भरली बंडी वापस आली त पुढच्या सालापासून वावर मी पाहीन, तुमी चूल पाहा." आणि शकुबाई रागाच्या भरात हो म्हणून बसली होती.

बंड्यांच्या सावलीत, गोणपाटावर, माणसांचा तीन पत्तीचा डाव चालला होता. भैयाजी तिकडं वळला.

"जागा पायजे त पत्त्यावर घे," तो म्हणाला. "खेळता येते का पण?"

"वाटा," शकुबाई म्हणाली, आणि पदर खोचून गोणपाटावर बसली.

तिला खेळता येत होतं. पावसाच्या झडीच्या दिवसांत नत्थूजीनंच चिंचोके लावून तिला शिकवलं होतं. पण सकाळपासून तिनं भैयाजीचा खेळही पाहिला होता, आणि तो खेळ नव्हताच. भैयाजी पत्ते उचलूनच पाहत नसे. न पाहता लावायचा, न पाहता वाढवायचा, मध्येच हसायचा. आष्टीचे वासुदेवराव म्हणजे शांत, हिशेबी माणूस. हातात एक्क्यांची जोडी असून त्याच्यापुढं पत्ते टाकून बसले होते. भैयाजीच्या तोंडावरून काही ओळखावं तर आत काय आहे ते त्याचं त्यालाच ठाऊक नसायचं.

नत्थूजी म्हणायचा, "जो विचार करते त्यालेच फसवता येते. येड्याले कोण फसवन?"

वासुदेवरावांनी पत्ते वाटले. कायदा सगळ्यांना माहीत होता. न पाहता जेवढं लावलं असेल, पत्ते पाहणाऱ्यानं त्याच्या दुप्पट लावायचं. आणि पाहणाऱ्याला न पाहणाऱ्याचे पत्ते उघडायला लावता येत नाहीत. लाव, नाही तर टाक.

"माही जागा लावली," भैयाजी म्हणाला. पत्ते त्याच्यापुढं पालथेच होते. चोराच्या उलट्या बोंबा! शकुबाईचा संताप मस्तकात गेला. हात पत्त्यांकडे गेलाही. पण तिनं तो मागं घेतला. पत्ते पाहून याच्यापुढं आव तरी कसला आणायचा? हा आपल्याकडे बघतही नव्हता. त्याची नजर स्वतःच्या बैलाकडे होती. गुलाब त्याचं नाव. सकाळपासून दर डावानंतर भैयाजी उठून त्याला गुळाचा खडा चारत होता. स्वतः कोरडी भाकर खाल्ली, पण गूळ गुलाबाला.

शकुबाईला नत्थूजीच्या बोलण्याचं उत्तर सापडलं. वेड्याला फसवायचं तर आधी त्याला शहाणं करावं लागतं.

"जागा त झाली," ती म्हणाली. "वरून एक बैल. न पाहता."

हसणारी माणसं गोणपाटाजवळ सरकली. बैल तिचा नव्हता. तो गेला तर वावर गेलं, घरात तोंड दाखवायची सोय गेली.

"बाई, पागल झाली काय?" वासुदेवराव कळवळून म्हणाले. "सोडून दे."

"काऊन सोडू? भैयाजी, लावा ना गुलाबले. तुमाले कुठं पाहा लागते!"

भैयाजी हसला. मग हसू अर्ध्यावरच राहिलं. त्यानं गुलाबाकडे पाहिलं. गुलाब निवांत रवंथ करत होता. भैयाजीनं ओठावरून जीभ फिरवली, शकुबाईच्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा बैलाकडे पाहिलं. आणि त्याचा हात पत्त्यांवर गेला.

"बाप्पा! भैयाजी पत्ते पाहून राह्यला!" कोणीतरी ओरडलं.

त्यानं पाहिले. आता एका बैलानं भागणार नव्हतं, दुप्पट म्हणजे अख्खी जोडी लावावी लागणार होती. शकुबाईचे पत्ते अजून पालथे, आणि ती त्याच्याकडे टक लावून बसलेली. भैयाजीच्या कपाळावर घाम आला. जन्मात पहिल्यांदा तो विचार करत होता.

"घेऊन जा तुही जागा," तो म्हणाला आणि पत्ते फेकले. त्यात राजाच्या वर काही नव्हतं.

"तुह्ये त दाखव," वासुदेवराव म्हणाले.

"दाखवाले मीच कुठं पाह्यले?" शकुबाईनं आपले पत्ते तसेच गड्डीत सारले. तिला पाहायची इच्छा झाली नाही असं नाही. पण ती उठली. भैयाजी चोर असला तरी शब्दाचा पक्का निघाला. त्यानं मुकाट्यानं बंडी काढली.

सांज व्हायच्या आत तिचा कापूस काट्यावर चढला. रोहण्याला पोचली तेव्हा लक्ष्मणराव दारातच उभा होता. त्यानं रिकाम्या बंडीत वाकून पाहिलं, मग काही बोलायला हवं म्हणून बैलाच्या मानेवर हात ठेवला.

"बैलाईले तरास त नाई झाला?"

"नाई. एक बैल पत्त्यावर लावला होता फक्त."

लक्ष्मणरावाचा हात मानेवरच राहिला. "कोणाचा?"

"तुमचा, भाऊजी. म्हणून त हात नाई थरथरला माहा." शकुबाईनं कासरे त्याच्या हाती दिले. "घ्या, दोनी हायेत. अन् वावर माहं मीच पाहीन."